विनिपेगहून दीर-जाऊ येताहेत, पहिले दोन-तीन दिवस कसे काढू?

सासष्टीची सून (मडगाव)

माझे धाकटे दीर विनिपेगला असतात. जाऊबाई तिकडच्याच. मुलं सहा आणि नऊ वर्षांची, भारतात पहिल्यांदाच येताहेत. २३ डिसेंबरला दुपारी दीडला दिल्लीमार्गे मोप्याला उतरतील. तिकडे सध्या उणे अठरा चाललंय म्हणे.

आमच्या ह्यांनी बेत आखून ठेवलाय. विमानतळावरून थेट हरमलचा किनारा, सूर्यास्त बघून रात्री मडगावला घरी. २४ला दूधसागर. २५ला नाताळ म्हणून जुनं गोवं. सासूबाई म्हणतात, "थंडीचेच दिवस, ऊन कसलं बाधतंय!" मला मात्र धाकधूक वाटते. मुलांना खायला काय करू? झोपेचं काय? समुद्रावर कधी नेऊ? जाऊबाईंना मिरीसुद्धा तिखट लागते, हेही लक्षात घ्या.

मांद्र्याची काकी

अगो, तो बेत आधी फाड. मी घरामागच्या खोल्या भाड्याने देते, हिवाळाभर इंग्रज, रशियन, कधी कॅनडाचेही येतात. उतरले की पिशव्या टाकून किनाऱ्यावर धावणारे मी ओळखून आहे. संध्याकाळी शिजवलेल्या कुर्ल्यांसारखे लाल होऊन येतात आणि दुसरा दिवस पंख्याखाली कण्हत काढतात. जे पहिले दोन दिवस व्हरांड्यात लोळतात, तेच पुढे मजा करून जातात.

सासूबाईंचं बोलणं आपल्या अंगाला खरं आहे. पहाटे पारा २०-२१वर येतो, आपण शाल काढतो. पण दुपारचं बघ. पणजीला जुलैत दिवसाचं तापमान २९च्या आसपास असतं आणि डिसेंबरात ३२-३३! आभाळ मोकळं असतं, सकाळभर डोंगराकडचा कोरडा वारा वाहतो, समुद्राचा वारा सुटायला दुपार होते. म्हणजे त्या पोरांना एका प्रवासात पन्नास अंशांचा फरक. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, दिरांना सांगायला लाव. लेकाचं ऐकतील.

हरमलचं तर नावच काढू नका. सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो आणि बघता बघता काळोख होतो, तिकडच्यासारखा तासभर संधिप्रकाश रेंगाळत नाही. मग नाताळच्या गर्दीतून म्हापसा, पर्वरी, पणजी करत मडगाव गाठायचं. पोरं गाडीतच आडवी होतील.

झोपेचं म्हणशील तर विनिपेग आपल्यामागे साडेअकरा तास आहे. त्यांची रात्र तो आपला दिवस. पोरं रात्री दोन-तीनला टक्क जागी होणार. ओरडू नका, मोठे दिवे लावू नका, केळं-बिस्कीट हाताशी ठेवा. उजाडताना पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की दोघांच्या हातात सुटे पैसे देऊन फाटकावर उभं कर. सायकलवरच्या टोपलीतून उंडे, पोई असे गरम पाव स्वतः घेतलेले असले की खायला कटकट करत नाहीत. मग सातला कोलव्याला किंवा बाणावलीला ने. नशिबात असेल तर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढताना दिसेल. जाळं वाळूवर आलं की आतले तारले, बांगडे चांदीसारखे उडतात, पोरांचे डोळे तिथून हलत नाहीत. साडेनऊला मात्र घरी म्हणजे घरी. परत चारनंतर.

आणि अकरा वाजता पेज. उकडे तांदूळ भरपूर पाण्यात दाणा फुटेपर्यंत शिजव, मीठ घाल, कोमट झाली की आधी वरचं पाणी पेल्यातून दे. घामातून गेलेलं मीठ-पाणी भरून निघतं आणि तिखटाचा प्रश्नच नाही. मोठ्यांना सोबत खारातली कैरी. माझ्याकडची एक इंग्रज मुलगी पेजेत जॅम घालून खायची. मी तोंड फिरवून बसायची, पण खायची ना!

कुडचड्याची नर्स

काकींशी सहमत. थोडी भर घालते. नव्या उष्ण हवेला शरीर रुळायला साधारण एक-दोन आठवडे लागतात. रुळलेल्या माणसाला घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं, नवख्याचं उलट. म्हणून तहान लागायची वाट न बघता मुलांना पाजत राहा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. प्यायचं पाणी उकळून गार केलेलं. एसी १८वर नको, २५-२६ पुरे. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मच्छरदाणी. ताप आला तर "हवा बदलली" म्हणून घरी बसू नका, रक्त तपासून घ्या.

पेडणेकर

तिकीट नीट बघा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. मोपा पार पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. मडगावकरांना दाबोळी केव्हाही बरी, पण तिकीट झालंय म्हणता तर गाडी घेऊन जा. तिथून मडगावला दीड-पावणेदोन तास धरा.

खरी गोची दिल्लीत. डिसेंबरअखेर सकाळी धुकं असतं, विमानं रखडतात. शिवाय कस्टम्स तिथेच, सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यायचं. दोन विमानांत तीन तास असतील तर कमीच म्हणेन. दिल्लीही थंडच असते, त्यामुळे जाकिटं तिथवर अंगात राहू देत. सुती कपडे नि चपला हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, मोप्याला उतरल्यावर बदलतील.

सासष्टीची सून

सगळ्यांचे आभार. दिरांशी बोलले, दिल्लीत साडेपाच तास आहेत. हरमल रद्द, ह्यांनी तोंड वाकडं केलं पण कबूल झाले. दूधसागरसाठी मात्र हटून बसलेत. म्हणतात, जीपमध्ये बसूनच तर जायचं. काय करू?

मांद्र्याची काकी

बसूनच! कुळ्याहून ती जीप नदीच्या पात्रातून, दगडांवरून जाते. आपली हाडं खिळखिळी होतात, झोप न झालेली पोरं ओकतील. नाताळच्या आठवड्यात रांगाही मोठ्या. २९-३०पर्यंत ढकल, तेव्हाही सकाळी लवकरची जीप धरा.

२४ला घरीच. २५ला चारनंतर जुन्या गोव्याला जा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, गर्दी असेल तर बॉम जेझुसचं चर्च बाहेरूनच दाखवा आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन या. पोरांना चर्चपेक्षा बोट आवडेल. तुझ्या ह्यांनाही कुठे नेल्याचं समाधान.

पेजेला तांदूळ जुने घे हां, नव्याची चिकट होते.