नट्टापट्टा : तुमच्या घरात पहिली लिपस्टिक कोणी लावली? (अनुभव धागा)

मोरपिशी

फॅशनचा इतिहास म्हटलं की नट्या, राण्या आणि सौंदर्यस्पर्धा यांवरच सगळं उरकतं. मला हवाय तो फणेरपेटीतला, माजघरातला इतिहास. कोणती वस्तू घरात कधी शिरली, कुणी आणली, कुणी लपवली आणि कुणाच्या भुवया वर गेल्या.

सुरुवात मी करते. मुंबईच्या पाटणवालांचं अफगाण स्नो १९१९ पासून बाजारात आहे. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, तिथे झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होतं ही नेहरूंची काळजी त्यामागे होती. म्हणजे देशी लिपस्टिक ही पंचवार्षिक योजनांची समवयस्क! तरी आमच्या आजोळी सत्तरच्या दशकातसुद्धा लिपस्टिक हे 'सिनेमावाल्या बायांचं काम' होतं. स्नो चालायचा, पावडर चालायची, डोळे भरून काजळ तर हवंच, पण ओठाला रंग नाही. ही रेघ आखली कोणी, हे मला अजून कळलेलं नाही.

बालगंधर्वांचं तर नवलच. स्त्रीपार्टातलं त्यांचं लुगडं, गजरा, दागिने बघून घरंदाज बायका तसं नेसू-माळू लागल्या. घरंदाज बाईने कसं दिसावं हे एका पुरुषाने रंगमंचावर दाखवलेलं समाजाला चाललं. त्याच रंगमंचावर घरंदाज बाई स्वतः गेलेली मात्र चालत नव्हती.

लिहा मनमोकळं. खरी नावं नकोत. आणि 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' एवढंच लिहून पळू नका, का नव्हती तेही सांगा.

वखारभाग

वडील सांगलीत लेडीज टेलर होते, त्यामुळे माझं बालपण चिंध्यांच्या ढिगात गेलं. नवा हिंदी सिनेमा लागला की वडील पहिल्या आठवड्यात जाऊन यायचे. गोष्ट काय होती विचारलं तर सांगता यायचं नाही. हिरॉइनचा गळा, बाही आणि पाठ मात्र सिगारेटच्या पाकिटावर काढलेली असायची. दुसऱ्या दिवसापासून बायका कापड घेऊन हजर. 'त्या गाण्यातल्यासारखं शिवा' एवढीच सूचना. कुठलं गाणं हे वडिलांनी ओळखायचं.

खरी गंमत मापाच्या वेळी. नवी सून सासूबरोबर यायची. सासू सांगणार, पाठ झाकलेली पाहिजे, बाही कोपरापर्यंत, कापड अंगाबरोबर नको. सून मान खाली घालून उभी. वडील वहीत लिहून घेणार. मग दोन-तीन दिवसांनी भर दुपारी, भाजीची पिशवी हातात घेऊन, सून एकटी येणार. 'मास्तर, मागून दीड इंच खाली घ्या.' वडिलांच्या वहीत अशा पानांवर शाईने एक आकडा आणि त्याखाली पेन्सिलीने दुसरा. शिवायचं पेन्सिलीप्रमाणे. आत मार्जिन मात्र भरपूर सोडायचं. घरी बोंब झालीच तर उसवून वर घेता येतं, 'मास्तरांचंच माप चुकलं' असंही सांगता येतं. वडिलांनी किती घरांतली भांडणं स्वतःच्या अंगावर घेतली याचा हिशेब नाही.

फॅशन वरून खाली जशीच्या तशी कधीच उतरत नाही, हे मी त्या दुकानात शिकलो. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला आणि माधुरीच्या त्या जांभळ्या साडीवरच्या उघड्या पाठीने आमच्या गल्लीत खळबळ माजली. पण उघड्या पाठीचा ब्लाउज सांगलीत घालणार कोण? मग वडिलांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून मधला मार्ग काढला. गळा जरा मोठा, वर नाडी, नाडीला लटकन. आणखी भीड असेल तर मोकळ्या जागेत जाळीचा तुकडा. साटन मात्र जांभळंच. त्या दिवाळीला महिनाभर आधी ऑर्डरी बंद कराव्या लागल्या.

आई कायम पांढऱ्या नाहीतर फिक्या रंगाच्या साध्या पोलक्यात. टेलरच्या बायकोने नटलेलं गिऱ्हाइकांना आवडत नाही, असं ती म्हणायची. खरं कारण असं की तिचा ब्लाउज शिवायला वडिलांना कधी वेळच झाला नाही.

दादरपूर्व

वखारभाग, निव्वळ थोर! पेन्सिलीच्या आकड्यावर स्वतंत्र लेख लिहा.

आमच्याकडे ऐकलेला किस्सा. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याचा पोशाख घातला, त्यावर केवढं वादळ उठलं हे सगळ्यांना माहीत आहे. आमचे पणजोबा वादळात सामील होते. सिनेमा त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला, निषेधासाठी. त्याच सुमारास पणजीने एका वेणीऐवजी दोन घातल्या तर 'हे असलं आपल्यात नको' म्हणून आठवडाभर अबोला.

रायगडकर

धाग्यात 'घरंदाज' हा शब्द बऱ्याचदा येतोय, म्हणून लिहितो. आमच्या पणजीच्या पिढीला काय ल्यावं-नेसावं हे घरातल्या सासूने नाही, गावाने ठरवलं होतं. लुगडं आखूड, गुडघ्याशी. गळ्यात आणि हातात जाडजूड, हलक्या धातूचे दागिने. वाटेवर लांबूनच कळावं की ही बाई कोणत्या वस्तीतली.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी बोलले ते नेमकं यावर. लुगडं नेसण्याची ही तऱ्हा आणि हे दागिने म्हणजे अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, इतर बायका नेसतात तसं घोळदार, पायापर्यंत नेसा. तिथल्या तिथे बायकांनी नेसणं बदललं. पणजी त्या भागातली. ती स्वतः परिषदेत होती की तिने मागाहून ऐकलं यावर घरात दोन मतं आहेत, पण लुगडं लांब झालं त्याबद्दल वाद नाही. पहिल्यांदा तशी नेसून ती पाणवठ्याकडे निघाली तेव्हा कुणीतरी ओरडून विचारलं म्हणे, 'काय गं, कुणाचं लग्न आहे?' ती म्हणाली, 'माझंच.'

पुढे आजीला आम्ही कायम पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या पाचवारीत पाहिलं. शेजारच्या काकू म्हणायच्या, घरात कशाला एवढी इस्त्री. आजी उत्तर द्यायची नाही. इस्त्रीही सोडली नाही. साधेपणाचं कौतुक नेहमी ज्यांना नटायची बंदी नव्हती तेच करतात, असं माझं मत आहे. पटलं नाही तर वाद घाला.

मोरपिशी

वाद कसला. धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात मी घातलेली 'राण्या विरुद्ध माजघर' ही विभागणी अपुरी पडते, एवढं कळलं. माजघरात प्रवेश नसलेल्यांचाही इतिहास इथे यायला हवा.

अंत्रुजकर

फोंड्याहून. आमच्याकडे नटणं म्हणजे फुलं. आजीचा रोजचा अबोलीचा गजरा. आम्ही त्याला फाती म्हणतो. सणाला शेवंती. पावडर लावणं तिला आळशीपणाचं वाटायचं, 'तोंड धुवायचा कंटाळा आला की पीठ फासतात'.

शेजारी कॅथलिक कुटुंब. तिथली आंटी दर रविवारी मिसाला निघताना गुडघ्याखालपर्यंतचा फ्रॉक, टाचांचे बूट आणि लाल लिपस्टिक. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत परदेशी माल गोव्यात मुबलक होता, सेंट आणि नायलॉन घाटापलीकडच्यांना दुर्मीळ तेव्हा इथे दुकानात मांडलेलं असायचं. आजीला आंटीच्या लिपस्टिकचं काही वाटत नसे. 'त्यांच्यात लावतात.' माझ्या आत्याने तीच लिपस्टिक आंटीकडून उसनी घेऊन लावली तेव्हा मात्र घर डोक्यावर घेतलं. वस्तू तीच, अंगण बदललं.

१९६६ साली रीटा फारिया विश्वसुंदरी झाली. गोंयकार घरची, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी. आमच्याकडे अभिमानही होता आणि पंचाईतही. आजोबांनी तोडगा काढला. ते सगळ्यांना सांगायचे, 'आमच्या गोव्याची चली डॉक्टर होतली.' पोहण्याच्या पोशाखाचा उल्लेख नाही. आत्याने विचारलं, मी डॉक्टर झाले तर लिपस्टिक चालेल का? ती पुढे खरंच डॉक्टर झाली. लिपस्टिक लावते.

काळीसावळी

आयडीवरून कळलंच असेल. मला जन्मापासून साय-बेसन-हळद. १९७५ ला गोरं करणारं ते क्रीम आलं तेव्हा मी शाळेत होते. आईने हिशेबाच्या वहीत 'औषध' या सदराखाली त्याचे पैसे लिहिले होते. २०२० मध्ये कंपनीने नावातलं 'फेअर' काढलं हे वाचून मी आईला फोन केला. ती म्हणाली, 'तुला काही फरक पडला नव्हताच.'

फरक पडला तो टीव्हीमुळे. १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आमच्या चाळीत एकच संच, मालकांच्या खोलीत, आणि दाराबाहेर चपलांचा खच. मराठी बातम्या सांगायला स्मिता पाटील यायची. सावळी, हातमागाची साडी, कपाळावर मोठी टिकली. चाळीतल्या बायका म्हणायच्या, 'मुलगी काळी आहे, पण बघत राहावंसं वाटतं.' त्या 'पण'वर मी किती वर्षं काढली! ती साडीखाली जीन्स घालून बसायची हे नंतर वाचलं. बातम्या संपल्या की साडी सोडून मोकळी. तेव्हा ठाऊक असतं तर चाळीत मीही तोच प्रयोग केला असता.

बॉयकट

मी नटले नाही कधी. आवडत नाही, बस. तरी चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात कुणीतरी पर्समधून टिकली काढून माझ्या कपाळाला चिकटवतंच. नटायला बंदी असते तशी नटायची सक्तीही असते, हे कुणी लिहिलं नाही म्हणून आले.

लेडीज स्पेशल

बॉयकट, +१. आमच्या डब्यात टिकल्यांचं पाकीट, कानातले, क्लिपा, नेलपॉलिश सगळं घेऊन विक्रेत्या बायका चढायच्या. मॉलमध्ये जे येतं ते आधी ठाणे-कळव्याच्या मधे मिळायचं. एका मैत्रिणीची लिपस्टिक रोज घाटकोपरला लागायची आणि परतीला मुलुंडला पुसली जायची. सासरी शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं असावं.

शिरोळ तालुका

बाबा गेले तेव्हा आई चाळिशीचीही नव्हती. चुलत्यांच्या घरच्या बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मी दाराआड होते. आई बँकेत नोकरीला. पंधरवड्याने कामावर गेली तर कॅशिअर बाईंनी तिला बाथरूममध्ये नेलं आणि आपल्या पाकिटातली बारीक काळी टिकली लावली. काळी चालते, लाल नाही, असा काहीतरी नियम होता. त्यानंतर आई ऑफिसात टिकलीने आणि गल्लीत टिकलीशिवाय. एसटीच्या खिडकीच्या चौकटीला कायम एक चिकटवलेली टिकली, तीच जाताना लावायची, येताना तिथेच. गाडी बदलली की नवी.

२०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पेपरात बातमी आली तेव्हा आई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिला लाल टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, 'एवढी मोठी? मला बारीकच शोभते.' ठराव झाला म्हणून आवड थोडीच बदलते.

लुनावाली

शिरोळ, आईंना नमस्कार.

पुण्यात पंजाबी ड्रेस घराघरांत शिरला त्याचं श्रेय सिनेमाला देऊ नका, १९७२ च्या लुनाला द्या. साडीचा पदर खोचायचा, निऱ्या आवरायच्या, चाकाला जाळी लावायची, इतकं करूनही पदर अडकायचाच. मी ज्या शाळेत शिकवायचे तिथे शिक्षिकांना साडीच सक्तीची. का, तर मुलांना आदर वाटत नाही! आम्ही ड्रेसवर यायचो आणि स्टाफरूममध्ये साडी नेसायचो. पावसाळ्यात कपाटांवर ओले ड्रेस वाळत. शेवटी कुणीतरी पालकसभेच्या दिवशी ते वाळत घातलेले तसेच ठेवले. पुढच्या वर्षी नियम गेला. पीटीच्या सरांना मात्र टी-शर्ट पहिल्यापासून चालत होता, त्यांच्या आदराचं काय व्हायचं कोण जाणे.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे गणपतीत ढोलताशा पथकातल्या मुली शिवलेली नऊवारी, नथ आणि गॉगल घालतात. माझी मुलगीही. हे फोटो पुण्याच्या आत्याला पाठवले आणि पंचाईत झाली.

आत्या लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा तिच्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात तिची लुगडी ट्रंकेत टाकायला लावली. कासोटा गावंढळ दिसतो, ऑफिसातल्या लोकांच्या बायका गोल नेसतात. तिला गोल पातळात चालता येईना, जिन्यावर पडली. माहेरी मात्र गोल नेसून गेली तर आजी म्हणाली, कासोट्याशिवाय देवघरात यायचं नाही. मग काय, मुंबईत गोल, गावी काष्टा, आणि एसटी स्टँडवरच्या बायकांच्या खोलीत कपडे बदलणं.

आता तोच काष्टा अमेरिकेत फॅशन म्हणून, तोही चेन लावलेला. तिला हसू आलं की राग आला ते फोनवर कळलं नाही. शिवलेली नऊवारी म्हणजे शुद्ध फसवणूक, एवढं ऐकवलं. मुलीने उलट विचारलं, मग खरी कशी नेसतात ते दाखव ना. आता रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाय. आत्याने अट घातली आहे की साडी सुती हवी, कॉलवर बाप्यांनी थांबायचं नाही, आणि नऊवारी लुगडं एडिसनमध्ये मिळत नसेल तर दोन पाचवाऱ्या जोडून घे पण सिंथेटिक आणू नकोस. इथल्या कुणाकडे सुती लुगडं असेल तर निरोप टाका, शनिवारपर्यंत हवंय.