ब्लेअर विच प्रोजेक्ट: ८१ मिनिटांत काहीच दिसत नाही, मग भीती नेमकी कशाची?

निशाचर

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) बद्दल जाणकारांची मतं हवी आहेत. तीन विद्यार्थी मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात माहितीपट करायला जातात आणि बेपत्ता होतात. वर्षभरानं सापडतं ते फक्त त्यांचं चित्रीकरण. ही पाटी सुरुवातीलाच येते, म्हणजे तिघांचं काय होणार हे पहिल्या मिनिटात कळलेलं असतं. चेटकीण एकदाही दिसत नाही. रक्त दिसतं ते एका पुडक्यात, तेही क्षणभर. तरीही कित्येकजण याला आजवरचा सगळ्यात भीतिदायक चित्रपट म्हणतात आणि तितकेच लोक 'नुसती पळापळ आणि आरडाओरडा' म्हणून बाद करतात.

मला पडलेले प्रश्न: ही खरी घटना नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, तर तो आज चालतो का? जिवावर बेतलं असताना तिघांची म्होरकी हेदर कॅमेरा बंद का करत नाही? मधला बराच भाग भांडणांत जातो, तो आवश्यक आहे का? आणि हलत्या कॅमेऱ्यानं मळमळतं त्याचं काय करायचं? चार जणांना एकत्र दाखवायचा विचार आहे, तेव्हा मांडणीबद्दलही सुचवा. शेवटाबद्दल मोकळेपणानं लिहा, स्पॉयलरची काळजी नको.

चौकट

निशाचर, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण फाउंड फुटेज (पात्रांनीच केलेलं, नंतर सापडलेलं चित्रीकरण म्हणून दाखवलेला) प्रकारातला कुठलाही चित्रपट याच प्रश्नावर तरतो किंवा बुडतो. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, तो का चालू आहे, आणि त्याला काय दिसू शकत नाही, ही तीन उत्तरं पक्की असतील तर खर्च कितीही कमी असू दे, चित्रपट उभा राहतो.

इथे कॅमेरे दोन आहेत. हेदरकडे हाय-८ व्हिडिओ, रंगीत. तिच्या सोबत्यांपैकी जॉशकडे १६ मिमी फिल्मचा, कृष्णधवल. ठरलेला माहितीपट १६ मिमीवर आणि त्यामागची धमाल व्हिडिओवर, असा त्यांचा बेत. सुरुवातीला ही विभागणी स्वच्छ दिसते: स्मशानातलं निवेदन कृष्णधवल, गाडीतल्या गप्पा रंगीत. जसजसे ते हरवत जातात तसतसा कृष्णधवल भाग तुटक होतो आणि व्हिडिओ सगळं व्यापतो. ठरवून करायचं काम बाजूला पडलं, हे संवादाशिवाय कळतं.

कॅमेरा बंद का होत नाही याचं उत्तर जॉशच्या तोंडी आहे. तो हेदरला म्हणतो की या भिंगातून बघितलं की समोरचं सगळं पुरतं खरं वाटत नाही, म्हणून तुला तो आवडतो. मनाचा आधार हे पहिलं कारण झालं. दुसरं साधं आहे: रात्री तंबूबाहेर त्यांच्याकडे जो उजेड आहे त्यातला बराचसा कॅमेऱ्यावरच्या दिव्याचा. कॅमेरा खाली ठेवला तर वाट दिसणार नाही. यानंतर आलेल्या अनेक नकला इथेच पडतात. तिथे पात्रं पळता पळता व्यवस्थित चौकट धरतात, दोघांच्या बोलण्यात बरोबर बोलणाऱ्याकडे कॅमेरा वळतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात ते होत नाही.

हे साधलं कसं? डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी पूर्ण पटकथा लिहिलीच नाही. सुमारे ३५ पानांचा आराखडा केला, संवाद नटांवर सोडले. ऑक्टोबर १९९७ मध्ये ८ दिवस चित्रीकरण झालं, ते नटांनीच केलं. त्यांना जीपीएस दिलं होतं. ठरलेल्या ठिकाणी पोचलं की क्रेटमध्ये सामान आणि प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी, जी इतर दोघांनी वाचायची नाही. म्हणून भांडणात समोरचा काय बोलणार हे खरोखरच माहीत नसायचं. खाणं दिवसागणिक कमी करत नेलं. रात्री बाहेरून तंबू हलवणं, लहान मुलांचे आवाज वाजवणं हे दिग्दर्शकांचं काम. जवळजवळ २० तासांचं चित्रीकरण जमलं आणि ते ८१ मिनिटांवर आणायला आठ महिन्यांहून अधिक काळ लागला. खरं लेखन या संकलनात झालंय.

तंबूतून पळताना हेदर बाजूला बघून ओरडते तो क्षण आठवा. तिथे कला विभागातला एक माणूस पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावरून पांढरा मोजा ओढून उभा होता. कॅमेरा त्याच्याकडे वळलाच नाही. तो दिसला असता तर तो कपडे घातलेला माणूसच दिसला असता. आता फक्त तिचा आवाज उरतो, आणि तो पुरतो.

कानोसा

चौकट यांच्याशी सहमत, पण अर्ध्याहून जास्त श्रेय आवाजाला द्यायला हवं. तिघांतला तिसरा, माइक, आवाज सांभाळतो; त्याच्याकडे स्वतंत्र डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) रेकॉर्डर आहे, आणि व्हिडिओ कॅमेऱ्याला स्वतःचा मायक्रोफोन आहे. १६ मिमी कॅमेरा मात्र मुका. हे एवढं लक्षात ठेवून शेवटची मिनिटं पुन्हा पाहा.

त्या पडक्या घरात शिरताना व्हिडिओ माइकच्या हातात आहे आणि हेदरकडे १६ मिमी. माइक पुढे धावतो, तळघरात उतरतो, तिथे काहीतरी होऊन व्हिडिओ कॅमेरा खाली पडतो. त्यानंतर आपण हेदरच्या कॅमेऱ्यातून बघतो, पण तो मुका असल्यामुळे ऐकतो ते तळघरात पडलेल्या कॅमेऱ्यातून. म्हणून तिची किंकाळी आधी लांबून येते आणि ती जिना उतरत जाते तशी जवळ येते. आपले डोळे तिच्याजवळ आणि कान तिची वाट बघत तळघरात. ही फोड कळत नसली तरी अंगावर येते. चित्रपटातली सगळ्यात हुशार जागा माझ्या मते हीच.

रात्रीच्या दृश्यांत पडदा बराच वेळ जवळपास काळा असतो. तिथे फांद्या मोडल्याचा आवाज किती लांबून येतोय हाच मजकूर आहे. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे 'आता घाबरा' असं कोणी सांगत नाही. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (२००७, ओरेन पेली) मध्ये उलट आहे. तिथे रात्री काही घडण्याआधी खोल घरघर सुरू होते आणि प्रेक्षक सावध होतो. सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात केलेला तो चित्रपट मला मनापासून आवडतो. ट्रायपॉडवर स्थिर कॅमेरा, एकच शयनगृह, कोपऱ्यात पळणारी वेळ. नजर दाराकडे खिळून राहते. पण ती घरघर त्या कॅमेऱ्यानं टिपलेली नाही, बाहेरून घातलेली आहे. या प्रकारात ती उसनवारीच.

दुसरी_बाजू

मी थोडा विरोधात. तंत्राबद्दल वर लिहिलेलं मान्य, पण पहिल्या प्रेक्षकांना जे वाटलं त्यातला मोठा वाटा पडद्याबाहेर तयार झाला होता. १९९८ पासून संकेतस्थळावर खोटे पोलीस अहवाल आणि दंतकथेचा कालपट, नट बेपत्ता असल्याची पत्रकं, प्रदर्शनाआधी टीव्हीवर दाखवलेला बनावट माहितीपट. नटांची खरी नावंच पात्रांना दिली होती, आणि ते जिवंत आहेत हे कळू नये म्हणून त्यांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवल्यावर आर्टिझन या वितरण कंपनीनं तो ११ लाख डॉलरला घेतला आणि जगभरात जवळपास २४.८ कोटी डॉलरची कमाई झाली. ही कमाई एकट्या कॅमेऱ्याची नाही.

खर्चाबद्दलही एक खुलासा. ३५ ते ६० हजार डॉलर हा आकडा सगळीकडे फिरतो, तो मूळ चित्रीकरणाच्या खर्चाचा. नंतरचं ध्वनिमिश्रण, फिल्मवर उतरवणं हे धरून रक्कम काही लाखांत गेली. कमी खर्चात चित्रपट करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: आवाज स्वस्तात होत नाही.

मधल्या भागाबद्दल निशाचर यांची तक्रार रास्त आहे. नकाशा हरवल्यावरची पहिली दोन भांडणं गोष्ट पुढे नेतात. माइक हसत हसत कबूल करतो की नकाशा आपणच ओढ्यात टाकला, तो प्रसंग तर अस्सल आहे. त्यानंतर मात्र तोच सूर पुन्हा लागतो: कोण चुकलं, कुठे चाललोय, कॅमेरा बंद कर. दहा मिनिटं कमी केली असती तरी दिवसभर दक्षिणेला चालून संध्याकाळी त्याच ओंडक्यापाशी परतण्याचा धक्का कमी झाला नसता.

आणि एक प्रश्न अनुत्तरितच राहतो. दोन कॅमेरे आणि डॅट यांतून हे कोणी जोडलं? पाटी सांगते की चित्रीकरण सापडलं, संकलन कोणी केलं ते नाही. कानोसा ज्या जागेचं कौतुक करतात ती जागा एखाद्या संकलकानं विचार करून रचलेली आहे. या जगात तो संकलक कोण?

चौकट

दुसरी_बाजू, शेवटचा मुद्दा वजनदार आहे आणि चित्रपट त्याला सरळ उत्तर देत नाही. टीव्हीवरच्या बनावट माहितीपटात ती चौकट थोडी भरून निघते, पण चित्रपटानं स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं हे कबूल. 'लेक मंगो' (२००८) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट ही अडचण मुळातच टाळतो: तो पूर्ण झालेला माहितीपट म्हणूनच समोर येतो, त्यामुळे मुलाखती, छायाचित्रं, जुनं व्हिडिओ चित्रण यांची जुळणी शंका उत्पन्न करत नाही.

भांडणांबाबत मात्र मत वेगळं. प्रत्येक भांडणात तिघांतली जोडी बदलते. आधी माइक आणि जॉश एकत्र आणि हेदर एकटी. जॉशच्या पिशवीवर तो चिकट द्रव सापडल्यावर जॉश ढासळतो. तो नाहीसा झाल्यावर माइक आणि हेदर एकमेकांना सांभाळतात. हे बदल पाहिले तर रटाळपणा कमी वाटेल. लहान केलं असतं तर चाललं असतं, पण काढून टाकलं असतं तर हेदर शेवटाकडे कॅमेऱ्यासमोर मागते ती माफी पोकळ झाली असती. अर्धाच चेहरा चौकटीत, नाक वाहतंय, डोळे भिंगाकडे वळून पुन्हा अंधारात जातात; तिथे ती आधीच्या प्रत्येक भांडणाची जबाबदारी घेते.

शेवटही पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच पेरलेला आहे. गावातल्या मुलाखतीत रस्टिन पार नावाच्या खुन्याची गोष्ट येते: तो मुलांना जोडीनं तळघरात न्यायचा आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्याकडे तोंड करून उभं करायचा. हे वाक्य निसटलं तर तळघराच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभ्या माइकचं शेवटचं दृश्य नुसतं विचित्र वाटतं. मित्रांना दाखवाल तेव्हा हे आधी सांगू नका, पण सुरुवातीच्या मुलाखती चालू असताना कोणी गप्पा मारणार नाही एवढं बघा. 'काहीच कळलं नाही' म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा तिथेच निसटलेलं असतं.

निशाचर

तळघर आणि कोपरा यांची जोड माझ्या लक्षातच आली नव्हती. आता दाखवण्याबद्दल सांगा. पडदा मोठा ठेवू की लहान? रात्रीची दृश्यं टीव्हीवर राखाडी ठोकळ्यांसारखी दिसतात, ब्राइटनेस वाढवला तर आणखी खराब होतं.

कानोसा

ठोकळे येतात ते स्ट्रीमिंगच्या दाबलेल्या चित्रामुळे. हाय-८ ची स्पष्टता सुमारे ४०० रेषांची, त्यात कमी उजेडात सिग्नल वाढवल्यामुळे काळ्या भागात मुंग्या (वळवळणारे ठिपके) येतात. या मुंग्या सतत बदलतात, आणि कमी बिटरेटला (दर सेकंदाला येणाऱ्या कमी माहितीत) त्या टिपणं जमत नाही. डिस्क मिळाली तर डिस्क लावा. नसेल तर जास्तीत जास्त गुणवत्ता निवडा. ब्राइटनेस वाढवू नका, त्यानं काळं राखाडी होतं आणि दोष उठून दिसतात. त्याऐवजी खोलीतला उजेड कमी करा.

चित्र चौकोनी, ४:३ आहे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या, ताणून पडदा भरू नका. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. ते मधल्या चौकटी स्वतः बनवतं आणि झटक्यानं फिरणाऱ्या कॅमेऱ्यात झाडांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. साउंड सेटिंगमध्ये नाइट मोड असेल तर तोही बंद. तो हळू आवाज वाढवतो आणि मोठे दाबतो, म्हणजे लांबची फांदी आणि जवळची किंकाळी एकाच पातळीवर येतात. वर लिहिलेली शेवटची सगळी करामत त्यात जाते. आवाजाची पातळी गाडीतल्या गप्पांवर ठरवा, बोलणं आरामात ऐकू येईल इतकी, आणि रात्रीच्या दृश्यात रिमोटला हात लावू नका.

मळमळ होते कारण डोळे सांगतात आपण धावतोय आणि आतला कान सांगतो आपण बसलोय. पडदा नजरेचा जितका भाग व्यापेल तितका त्रास वाढतो. म्हणून मोठ्या पडद्यापासून लांब बसणं हाच उपाय. ज्याला जास्त त्रास होतो त्याला सगळ्यात मागे बसवा. टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवला तर नजरेला भिंत आणि टीव्हीची कड असं काहीतरी स्थिर मिळतं, आणि पडद्यावर प्रतिबिंबही पडत नाही. त्रास सुरू झाला तर डोळे मिटण्यापेक्षा त्या स्थिर कडेकडे बघायला सांगा. फार भरल्या पोटी किंवा अगदी उपाशी बसू नये.

दुसरी_बाजू

त्यातूनही ज्यांना हलता कॅमेरा सोसत नाही त्यांच्यासाठी 'होस्ट' (२०२०). व्हिडिओ कॉलवर घडतो, तासाभराच्या आत संपतो आणि बहुतेक वेळ कॅमेरा टेबलावर असतो. उलट ज्यांना वेग हवा त्यांना स्पॅनिश 'रेक' (२००७) दाखवा. बार्सिलोनातली एक इमारत, बाहेर पडायची बंदी, आणि कॅमेरा टीव्ही वाहिनीच्या माणसाकडे, म्हणजे चित्रीकरण का चालू आहे हा प्रश्नच नाही. शेवटी दिवा फुटल्यावर नाइट व्हिजन येतं तेही गरजेतून. मात्र एकाच रात्री दोन्ही लावणार असाल तर ब्लेअर विच आधी. 'रेक' नंतर त्याची शांतता कोणाला सोसणार नाही.