लोटे एमआयडीसी: टँकर खाली करताना कुठले वॉकीटॉकी वापरावेत? (बजेट ६० हजार)

पत्र्याची_शेड: नमस्कार मंडळी. लोट्याला छोटं युनिट आहे, टोल्युइनचे (चटकन पेट घेणारं सॉल्व्हंट) टँकर येतात. एक माणूस टँकरपाशी, दुसरा शेडमागे पंपावर. पाऊस लागला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की ओरडून घसा बसतो. मोबाइल गेटवरच जमा होतात. सहा सेट हवेत, सगळे मिळून ६० हजारांत. सुचवा.

देवबागचो_होडीवालो: माझो सेट दोनदा पाण्यात पडलो, तरी अजून बोलता. आयपी६७ आसा. डोळे झाकून घे.

बी_शिफ्ट_सेफ्टी: डोळे झाकून नका घेऊ. आयपी६७ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, ठिणगीशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला इन्ट्रिन्सिकली सेफ सेट लागेल. आत बिघाड झाला तरी वाफ पेटण्याइतकी ऊर्जा सुटणार नाही अशी त्याची रचना असते. लेबलवर गॅस ग्रुप (कुठल्या वायूंत सेट चालेल ते) बघा: टोल्युइन आयआयएमध्ये येतं, हायड्रोजन आयआयसीमध्ये. टी४ असेल तर पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर तापत नाही. आणि पेसोची (स्फोटक सुरक्षेचं केंद्र सरकारी खातं) मान्यता मागा. विक्रेते युरोपचं अटेक्स प्रमाणपत्र पुढे करून विषय संपवतात.

मुकादम_चिपळूण: आम्ही अटेक्सवाले दहा घेतले. एकाच्या किमतीत तुझे सहा साधे येतील, पण घ्यायचं तर भारी घ्यावं. पार्किंगपर्यंत आवाज खणखणीत.

पत्र्याची_शेड: साहेब, बजेट वर लिहिलंय.

रिटायर्ड_फिटर: सेट भारी असून काय उपयोग? आमच्याकडे होते चांगले. दोन वर्षांनी बॅटऱ्या उतरल्या. स्टोअरवाल्याने बाजारातून स्वस्तातल्या आणल्या, खाचेत कागदाची घडी घालून बसवल्या. सेट हातातून पडला की बॅटरी उडून बाजूला. ऑडिटला आलेल्या माणसाने घडी बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि एक शब्द बोलला नाही. त्याच दिवशी सगळे सेट कपाटात गेले. मान्यता सेट आणि बॅटरी दोघांना मिळून असते. बॅटरी बदलायची ती ऑफिसात, टँकरपाशी नाही. बाहेरून लावायचा माइकसुद्धा त्याच यादीतला हवा. पूर्वी आमच्याकडे नुसती शिट्टी होती, काही अडलं नाही.

मुकादम_चिपळूण: आमच्या बॅटऱ्या ओरिजिनल आहेत. वर प्लास्टिकचं कव्हरपण घातलंय, नवे दिसतात.

बी_शिफ्ट_सेफ्टी: ते आधी काढा. प्लास्टिक घासून स्थिर वीज साठते. कंपनीने मान्य केलेलं कव्हरच चालतं.

मुकादम_चिपळूण: कोकणात कसली स्थिर वीज! इथे पापड सादळतात.

बी_शिफ्ट_सेफ्टी: पापडाच्या भरवशावर टोल्युइन उतरवणार का? टँकरला अर्थिंगची क्लिप लावता ना? ती कशासाठी? टोल्युइनची वाफ ४ अंशांनाच पेटण्याजोगी होते, आपल्याकडे तर बारा महिने.

देवबागचो_होडीवालो: मग मरीन सेट घे. १६ नंबर चॅनलवर हाक मारलस तर कोस्टगार्ड पण ऐकतलो.

रिटायर्ड_फिटर: अहो, तो समुद्रातल्या संकटासाठीचा चॅनल. "पंप बंद कर" कोस्टगार्डला ऐकवायचंय का?

नवीन_सदस्य_रोहा: लायसन्सचं पण बघा. बिनपरवाना म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, तेही कमी ताकदीचे. ऑनलाइन स्वस्तात मिळतात ते बरेच यात बसत नाहीत.

मुकादम_चिपळूण: अटेक्सवालेच घ्या. मी आधीच सांगितलं होतं.

पत्र्याची_शेड: सगळ्यांचे आभार. काल टँकर होता. मुद्दाम छत्री घेऊन उभा राहिलो आणि मोजलं, तासाभरात आमची माणसं काय काय ओरडतात ते. "चालू कर" एकदा, "बंद कर" एकदा, मध्ये "चहा आला" दोनदा. म्हणजे बोलायचं काहीच नाहीये, फक्त पंप थांबवता आला पाहिजे. मग सेट रद्द. टँकरच्या खांबावर फ्लेमप्रूफ (आत ठिणगी पडली तरी आग बाहेर येऊ न देणारं) पुशबटण लावतोय, पंप तिथूनच चालू-बंद होईल. शेठ खूश, बजेटमध्ये बसलं.

रिटायर्ड_फिटर: केबल आत जाते तिथला ग्लँडही (केबल घट्ट धरणारा तोंडाचा भाग) फ्लेमप्रूफच घाल. न वापरलेलं भोक उघडं ठेवू नको, बूचही तसलंच हवं. नाहीतर बटण नुसतं नावाला फ्लेमप्रूफ. आणि नळी तुटली तर बटणापर्यंत पोचेल असा माणूस उभा कर, चहावाला नको.

देवबागचो_होडीवालो: मगे सेट खयचो घेतलस?