कॉम्प्ससाठी नोट्स वाटून घेणं: शहाणपण की पळवाट?

फळाखडू:
शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सगळ्या विषयांची एकत्रित परीक्षा (कॉम्प्स), जवळ आली की ठरलेला प्रकार. विचारवंत आणि विषय वाटायचे: तू पियाजे घे, तू ड्यूई घे, मी मूल्यमापन घेतो, मग नोट्सची अदलाबदल. माझ्या मते ही निव्वळ पळवाट आहे. प्रश्न येतो तो असा: 'मागे पडणाऱ्या मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम आखा आणि त्यामागचा सैद्धांतिक आधार मांडा.' इथे सगळे विचारवंत एकाच उत्तरात एकमेकांशी बोलायला लागतात. उसन्या नोट्समधून व्याख्या मिळतात, ती गुंफण मिळत नाही. वर चुकाही वाटल्या जातात. 'स्कॅफोल्डिंग (शिकणाऱ्याला गरजेपुरता आधार देऊन तो हळूहळू काढून घेणं) ही संज्ञा व्हायगॉट्स्कीची' हे एकाने लिहिलं की सगळ्यांच्या उत्तरात तेच. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की १९३४ मध्येच वारले. ती संज्ञा वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रुजली.

दुपारची_शाळा:
दिवसभर शिकवून, वह्या तपासून आल्यावर अख्खी वाचनयादी मुळातून वाचायची कधी? पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी आम्हाला हे सांगू नये, राग येतो. आणि गट म्हणजे नुसती अदलाबदल नव्हे. आमच्यात ज्याच्याकडे ब्रूनर, त्याने तो तोंडी समजावायचा आणि बाकीच्यांनी आडवेतिडवे प्रश्न विचारून त्याला घाम फोडायचा. तुमची ती स्कॅफोल्डिंगची चूक अशा प्रश्नांतच उघडी पडते. एकटा बसलेला तीच चूक बिनधोक घोकत राहतो.

फळाखडू:
घाम फोडत असाल तर माझं भांडणच नाही. बहुतेक गट पीडीएफ हाती पडली की गप्प होतात, त्यांच्याबद्दल बोलतोय. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आठवा. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. शिकवताना हे सांगायचं आणि स्वतः हायलायटर घेऊन बसायचं! घड्याळ लावून पूर्ण उत्तरं लिहा.

मागचा_बाक:
तो प्रयोग छोट्या उताऱ्यांवरचा होता, कॉम्प्सच्या निबंधांवरचा नव्हे. पूर्ण उत्तरं लिहिण्यात हात दुखतो आणि मोजकेच प्रश्न होतात. त्यापेक्षा प्रश्न घ्या, दावा एका वाक्यात, खाली तीन मुद्दे, प्रत्येकापुढे एक नाव आणि वर्ष, की पुढचा प्रश्न.

दुपारची_शाळा:
हे मधल्या सुट्टीतही जमेल. पण दावा बरोबर की चूक, हे तपासायला समोर कुणीतरी लागेलच ना? म्हणजे पुन्हा गटच.