होमबिल्ट (घरी बांधलेल्या) विमानाचं एक चाक जॅकवर कसं उचलायचं?

प्रश्न: दोन सीटचं होमबिल्ट आहे, टेलड्रॅगर (तिसरं छोटं चाक शेपटीखाली), मेन गिअरला, म्हणजे पुढच्या दोन मुख्य चाकांना, स्प्रिंग स्टीलचे पाय. उजव्या चाकाचं बेअरिंग साफ करून ग्रीस भरायचंय. गाडीचा बाटली जॅक पायाखाली लावला तर जॅक कलायला लागला, घाबरून लगेच खाली घेतलं. काय चुकतंय?

उत्तर १: बरं झालं थांबलात! वजन उतरलं की स्प्रिंगचा पाय आतल्या बाजूला सरकतो आणि जॅकचं डोकं सोबत ओढतो, म्हणून तो कलतो. जॅक शक्यतो ॲक्सलजवळ लावा, पायाच्या उतारावर घसरू नये म्हणून खाच असलेला ठोकळा बनवून घट्ट बसवा, आणि टायर जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढंच उचला, जास्त कशाला? दुसऱ्या चाकाला पुढून-मागून गुटके, टेलव्हील बांधलेलं. आणि हे सगळं हँगरमध्येच करा हो, पंखाखाली वारा शिरला तर हलकं विमान जॅकवरून सहज खाली येतं. उचलल्यावर ॲक्सलखाली स्टँड ठेवा, नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर काम नको, सील गळलं की तो बसतो.

उत्तर २: चाक काढल्यावर ब्रेकच्या पेडलला कुणी पाय लावू नये, कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येतो. टायरही काढणार असाल तर आधी हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हच्या आतला हवा अडवणारा छोटा भाग) काढूनच. रिमचे दोन भाग बोल्टने जोडलेले असतात, हवा असताना ते उघडले तर जीवावर बेतेल.

प्रश्नकर्ता: ठोकळा उद्याच बनवतो. ॲक्सलचं नट सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन पण नवीन आणतो, जुनी परत नाही घालणार.