टर्की बॉक्स कॉल: सागाचा आवाज उठत नाही, कोणतं लाकूड घ्यावं?

रंधा_दादर:
रानटर्की या पक्ष्याला साद घालायचा लाकडी बॉक्स कॉल (काठावर झाकण घासून पक्ष्याचा आवाज काढणारी पेटी) बनवला आहे. पेटी २०० × ५० × ४५ मिमी, बाजूच्या फळ्या ४ मिमी. पेटी आणि झाकण दोन्ही जुन्या चाळीच्या चौकटीच्या सागाचं. खडू घासला तरी झाकण नुसतं घसरतं. मादीचा आवाज वर चढून खरखरत खाली उतरायला हवा, तो येत नाही. मुंबईत मिळणारं दुसरं कोणतं लाकूड चालेल?

पटाशी:
अडचण सागाच्या तेलकटपणात आहे. झाकणाची खालची बाजू पेटीच्या काठाला क्षणभर धरते, सुटते, पुन्हा धरते. त्या धक्क्यांनी बाजूची फळी थरथरते आणि पोकळी तो आवाज मोठा करते. सागावर खडू टिकत नाही, म्हणून ही पकडच बसत नाही. लाकूड कितीही जुनं असो, रंधा मारला की आतला तेलकट थर उघडा पडतो.

बाजूंना हलकं, सरळ रेषांचं लाकूड घ्या. अमेरिकेत त्यासाठी सीडर, पॉप्लर, अक्रोड वापरतात. आपल्याकडे माझी पहिली पसंती तून, मिरजेला सतारीसाठी वापरतात तोच. आवाज मोकळा आणि थोडा खरखरीत येतो. शिवणीचं लाकूडही चांगलं, फक्त आवाज जरा गोल होतो. झाकण मात्र जड हवं, शिसवीचं. दोन्ही जड घेतलं तर स्वर टोचतो आणि खरखर जाते. दोन्ही मऊ घेतलं तर आवाज दबतो.

जाडीही तितकीच महत्त्वाची. ४ मिमी फार झाली. ३ वर आणा, मग आतून थोडं थोडं तासत दर वेळी वाजवून बघा. फळी पातळ होईल तसा स्वर उतरतो. २ मिमीच्या खाली गेलात तर आवाज फाटतो. दोन बाजूंची जाडी वेगळी ठेवली की एकाच पेटीत दोन आवाज मिळतात.

लाकूड_लकडा_बंदर:
रे रोडच्या वखारींत अख्खी फळी घेऊ नका, उरलेले तुकडे मागा. टोकाकडून बघा: वर्षवलयं रुंद बाजूला काटकोनात असलेला तुकडा निवडा, तो कमी वाकतो. गाठ असेल तर सोडून द्या.

रंधा_दादर:
काठ सरळ ठेवला आहे आणि सगळीकडे मेलामाइन पॉलिश मारलंय. ते चालेल ना?

पटाशी:
नाही, दोन्ही बदला. काठ मधे उंच आणि टोकांकडे सुमारे ३ मिमी उतरता हवा. झाकणाची खालची बाजूही आडवी गोलसर घासा, मध्यापेक्षा कडा दीड मिमी वर. स्वराचा चढ-उतार याच दोन वक्रांतून येतो. सपाटावर सपाट घासलं की नुसती किंचाळी निघते. घासणाऱ्या भागांवर पॉलिश, गोंद, बोटांचा तेलकटपणा काही नको. बाहेरून पॉलिश चालेल. शिंप्याचा मेणाचा खडू टाळा. चकाकी आली तर स्कॉच-ब्राइट हलकेच फिरवा. सँडपेपरने वक्र बिघडतो.

झाकण पेटीला धरणाऱ्या स्क्रूच्या डोक्याखाली छोटी स्प्रिंग घाला आणि झाकण स्वतःच्या वजनाने काठावर टेकेल इतकाच स्क्रू आवळा.

लाकूड_लकडा_बंदर:
पावसाळ्यात फळ्या तासू नका. दमट लाकूड आत्ता बरं वाजेल, सुकल्यावर स्वर बदलेल. तुकडे काही आठवडे घरात मुरू द्या. तयार कॉल घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर जुलैत खडू ओला होऊन चिकटतो आणि झाकण पुन्हा घसरायला लागतं.