मोठ्या बर्चखाली बर्चचं एकही रोप का नाही?

उत्तरउतार: डोंगराचा उत्तर उतार, फर आणि स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडांचं जंगल, मधूनमधून जुने बर्च, म्हणजे भूर्जाच्या कुळातली झाडं. बी भरपूर पडतं, तरी त्यांच्या बुंध्याशी रोप दिसत नाही. दरड कोसळलेल्या पट्ट्यात मात्र रोपांची नुसती दाटी आहे. दोष मातीचा की सावलीचा? जंगलाच्या आत बर्च टिकवायला काय करावं?

पानगळ: दोन्हींचा, पण आधी मातीकडे बघा. सिल्व्हर बर्चच्या हजार बियांचं वजन अर्धा ग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा बीत साठवलेलं अन्न ते किती असणार? पानांच्या आणि सुयांच्या जाड थरावर बी पडलं, तर कोंबाचं मूळ मातीला लागायच्या आतच वाळतं. दरडीने हा थर खरवडून नेलेला असतो, म्हणून तिथे दाटी. कुजक्या, शेवाळलेल्या ओंडक्यावरही ओल टिकते, त्यामुळे रोप धरतं. उत्तर अमेरिकेतला पिवळा बर्च असा ओंडक्यावर वाढतो आणि ओंडका कुजून गेला की मुळांवर उंच उभा राहिलेला दिसतो.

जंगलात करायचं असेल तर बी गळायच्या आधी मीटरभर रुंदीचे ठिपके खणून खालची माती उघडी करा. ठिपके समउंचीच्या रेषेवर, एकाआड एक ठेवा. सलग पट्टा खरवडलात तर पहिल्याच पावसात माती वाहून जाईल. वर मोकळं आकाशही हवं. एखादंच झाड पाडून झालेली फट फरच्या फांद्या लवकर बुजवतात.

हिमरेषा: हिमालयातल्या भूर्जाचंही असंच आहे. साधारण 3000 मीटरच्या वर, वृक्षरेषेपर्यंत (जिच्या वर झाडं वाढत नाहीत), फर आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या जोडीने तो मुख्यतः उत्तर उतारांवर दिसतो, कारण तिथे बर्फ उशिरा वितळतो आणि ओल टिकते. बुंधा तळाशी उताराकडे वाकलेला असेल तर रोग समजू नका, तो सरकत्या बर्फाचा दाब असतो. सालीचे बाहेरचे कागदी पापुद्रे आपोआप सुटतात, पण आतल्या जिवंत सालीचा पूर्ण वेढा काढला तर झाड मरतं.

रोपवाटिका: बी एकट्यादुकट्या झाडाचं घेऊ नका. बर्च सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही, अशा झाडाच्या बिया बहुतेक पोकळ निघतात. बियांचा लोंबता तुरा तपकिरी होऊन बोटांनी चोळल्यावर खवले सुटू लागले की लगेच तोडा, नंतर वारा सगळं उडवून नेतो. ओल्या वाळूत मिसळून 3 ते 5 अंश सेल्सियसला चार ते सहा आठवडे ठेवा. मग मातीच्या पृष्ठभागावरच पेरा, वर फार तर 2 मिलिमीटर बारीक वाळू. खोल गेलेलं बी उगवत नाही. पाणी फवाऱ्यानेच द्या, पण चिखल करू नका, बुरशीने रोपं माना टाकतात.

उत्तरउतार: दरडीवरची रोपं उचलून आत लावली तर?

रोपवाटिका: चालतील. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतचीच घ्या, पानं झडल्यावर, मातीच्या गड्ड्यासकट. मुळं उथळ आणि तंतूसारखी असतात, उघडी राहिली की लगेच सुकतात. त्या मातीत मुळांशी सहजीवन करणारी बुरशीही सोबत येते.

पानगळ: लावल्यावर हरणांपासून कुंपण आणि शेजारच्या फरची छाटणी, दोन्ही लागतील. बर्चच्या उंचीच्या निम्म्या भागात तरी हिरव्या फांद्यांचा घेर राहिला पाहिजे. घेर आकसल्यावर शेजारची झाडं काढून फारसा उपयोग होत नाही. बर्चच्याच फांद्या कापायच्या असतील तर वसंताच्या तोंडाशी कापू नका, जखमेतून रस वाहत राहतो.